वर्गाची सजावट: किती, कुठे आणि कशासाठी?

या अंकासाठी प्राथमिक वर्गाच्या सजावटीबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत ‘काय लावू?’ ही विचारणा सर्वांत जास्त होती. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: लावलेल्या वस्तूकडे मूल कधी जाणार आणि तिथे जाऊन काय करणार? पुढची सगळी उत्तरं याच कसोटीवर दिली आहेत.

प्रश्न: मी पहिलीला शिकवते. सुट्टीत चारही भिंती तक्त्यांनी भरल्या, छताला झिरमिळ्या आणि चांदण्या टांगल्या. वर्ग देखणा झाला, पण शिकवताना मुलांच्या नजरा भिंतींवरच भिरभिरतात. सजावट जास्त झाली का?

बहुधा हो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. त्यांचं काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. बालवाडीच्या वयाच्या २४ मुलांना त्यांनी विज्ञानाचे छोटे पाठ दिले, काही भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही साध्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ पाठाबाहेर होतं, साध्या खोलीत २८.४ टक्के. पाठानंतरच्या चाचणीत साध्या खोलीत ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीत ४२ टक्के. लहान वयात नको ते नजरेआड करण्याची ताकद कमी असते. तुमच्या वर्गातली मुलं बेशिस्त नाहीत, त्यांच्यासमोर एकाच वेळी फार काही मांडलं गेलं आहे.

पण म्हणून भिंती कोऱ्या करू नका. इंग्लंडच्या सॅलफर्ड विद्यापीठातल्या पीटर बॅरेट यांच्या गटाने २७ शाळांमधले १५३ वर्ग आणि ३,७६६ मुलांची प्रगती पाहिली, तेव्हा अगदी ओका आणि अगदी गजबजलेला, असे दोन्ही वर्ग मागे राहिलेले दिसले. २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात सल्ला असा आहे, की भिंतीवरच्या जागेपैकी २० ते ५० टक्के जागा मोकळी ठेवावी.

कागदाच्या बाबतीत याहून कडक माप पाळावं, आणि त्याचं कारण आग आहे. अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेच्या अग्निसुरक्षा संहितेनुसार आग लागताच आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नसलेल्या वर्गात भिंतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भागावर कागदी साहित्य असू नये. ६ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंत म्हणजे १८ चौरस मीटर, त्याचे २० टक्के ३.६ चौरस मीटर. ५५ बाय ७० सेंटिमीटरचा एक तक्ता ०.३८५ चौरस मीटर जागा घेतो, म्हणजे त्या भिंतीवर ९ तक्ते झाले की थांबायचं. भिंतीवर थेट रंगवलेलं चित्र या कागदाच्या हिशेबात येत नाही, पण मुलांच्या नजरेच्या हिशेबात येतंच.

काढायची सुरुवात छतापासून करा. हलणारी वस्तू नजर ओढून घेते आणि ती परतवून लावणं सहा वर्षांच्या मुलाच्या हातात नसतं. शिवाय पंख्याच्या वाऱ्याने दोरा सुटून पात्यात अडकण्याचा धोका वेगळाच. मग फळ्याची भिंत: फळ्याच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक मीटर काहीही नको. पाठ चालू असताना मुलांचं तोंड याच भिंतीकडे असतं. भरगच्च सजावट करायचीच असेल तर ती मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर न्या. उरलेल्या प्रत्येक तक्त्याला विचारा, गेल्या पंधरा दिवसांत कोणत्या मुलाने तुला वापरलं? उत्तर मिळालं नाही तर तो तक्ता उतरवून सपाट ठेवा आणि त्याचा पाठ येईल तेव्हा पुन्हा लावा. नव्याने लागलेल्या तक्त्याकडे मुलं बघतात. वर्षभर एकाच जागी असलेला तक्ता त्यांच्या लेखी भिंतच होऊन जातो.

प्रश्न: तक्ते किती उंचीवर लावावेत? आणि अक्षर केवढं असावं म्हणजे मागच्या मुलालाही दिसेल?

आधी मुलांचे डोळे कुठे असतात ते पाहू. सहा वर्षांचं मूल उभं असताना त्याची नजर जमिनीपासून साधारण १०५ सेंटिमीटरवर असते, दहा वर्षांच्या मुलाची १२५ सेंटिमीटरच्या आसपास. तेच सहा वर्षांचं मूल जमिनीवर बसलं की नजर ५० ते ५५ सेंटिमीटरवर येते. मोठी माणसं स्वतःच्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर तक्ता लावतात आणि मुलं तो मान वर करून वाचतात, किंवा वाचतच नाहीत.

त्यामुळे भिंतीचे तीन पट्टे करा. ५० ते १३० सेंटिमीटरचा पट्टा मुलांच्या हाताचा: जे बोट फिरवून वाचायचं, उचलायचं, सरकवायचं, ते इथे. १३० ते १८० सेंटिमीटरचा पट्टा जागेवर बसून लांबून पाहण्याचा: मुळाक्षरं, घड्याळ, दिवसाचं वेळापत्रक. १८० सेंटिमीटरच्या वर काहीच नको. तिथला तक्ता फक्त पाहुण्यांसाठी असतो.

अक्षराचा आकार अंदाजाने ठरवू नका. निरोगी डोळ्याला ६ मीटरवरून जेमतेम ओळखू येणारं अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंच असतं. ही डोळ्याची शेवटची मर्यादा झाली. सहज वाचता यावं यासाठी तिप्पट, म्हणजे अडीच ते तीन सेंटिमीटर लागतात. नुकतं वाचायला शिकणाऱ्यासाठी आणि ज्याला चष्मा लागला आहे पण अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशा मुलासाठी ५ सेंटिमीटर धरा. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, मात्रा आणि उकार सोडून. दोन ओळींच्या शिरोरेषांमधलं अंतर अक्षराच्या अडीचपट हवं: ५ सेंटिमीटरच्या अक्षराला साडेबारा सेंटिमीटर. अंतर कमी पडलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि मूल ‘कु’चा ‘क’ वाचून मोकळं होतं. रेघेची जाडी ६ ते ८ मिलिमीटर असावी. साध्या स्केचपेनने मोठं अक्षर काढलं तर ते उंच असूनही लांबून दिसत नाही, कारण रेघच हरवते.

कागद पांढरा किंवा फिकट पिवळा आणि अक्षर काळं किंवा गडद निळं ठेवा. पिवळ्यावर केशरी, लालवर हिरवं अशा जोड्या टाळा. लाल आणि हिरव्यात फरक न दिसणारी मुलं बहुतेक मोठ्या वर्गांत एखाद-दुसरं तरी असतात, मुलग्यांमध्ये जास्त. ‘लाल खोक्यात चूक, हिरव्यात बरोबर’ असं काही केलं असेल तर रंगासोबत फुली आणि गोल अशी खूणही द्या.

प्रश्न: मुळाक्षरांचा तक्ता बाजारातून आणलेला आहे. त्यात चित्रं सुंदर आहेत, तरी मुलं अक्षरं चुकतात. स्वतः बनवायचा झाला तर कसा बनवू?

जरूर बनवा. वर्गातल्या सगळ्या भिंतींपैकी हा एक तक्ता मनापासून करण्याजोगा आहे, कारण मूल दिवसातून वीस वेळा तिकडे पाहतं.

पहिली गोष्ट मांडणीची. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सरळ रांग लावली की वर्णमालेतली व्यवस्था पुसली जाते. पाच ओळी आणि पाच रकाने करा. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूपाशी, ट-वर्ग जीभ मागे वळवून, त-वर्ग दातांपाशी, प-वर्ग ओठांनी. आडव्या ओळीत उच्चाराची जागा एक, उभ्या रकान्यात उच्चाराची पद्धत एक. तळहात तोंडासमोर धरून ‘क’ आणि मग ‘ख’ म्हणायला सांगा: दुसऱ्या वेळी हाताला वारा लागतो. मग ‘त’ आणि ‘थ’ म्हणून पाहायला सांगा. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातला फरक मुलांना असा अंगाने कळतो. य-र-ल-व पासूनची अक्षरं खाली वेगळ्या ओळीत, ‘ळ’ विसरू नका. स्वर वर, वेगळ्या रंगाच्या पट्टीवर.

दुसरी गोष्ट चित्रांची. चित्राचं नाव एकच निघालं पाहिजे. ‘ब’साठी बदक काढलं आणि मूल ‘पक्षी’ म्हणालं तर तक्ता त्याला चुकीचं शिकवतो. प्रत्येक चित्र चार-पाच मुलांना आधी दाखवा. सगळी एकच नाव घेत असतील तरच ते तक्त्यावर घ्या. शब्दाचं पहिलं अक्षरही उघडं हवं. ‘घर’, ‘खडू’, ‘कमळ’, ‘डबा’ चालतात. ‘भोवरा’ ऐकताना कानाला ‘भो’ लागतो आणि ‘टोपी’त ‘टो’, अक्षर मात्र ‘भ’ आणि ‘ट’ दाखवलेलं असतं. सुरुवातीच्या तक्त्यात पहिल्याच अक्षराला काना-मात्रा लागलेले शब्द नकोत. ‘ण’, ‘ळ’ यांनी शब्द सुरूच होत नाहीत, तेव्हा ‘बाण’, ‘बाळ’ लिहून तेवढं अक्षर रंगवा. च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’, ‘जखम’ आणि ‘जग’ अशी दोन-दोन चित्रं दिलीत तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

तिसरी गोष्ट वळणाची. संगणकावरच्या बऱ्याच देवनागरी अक्षरसंचांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ लिहितो. पुस्तकात एक आणि भिंतीवर दुसरं असेल तर मूल ते वेगळं अक्षर समजतं. छापण्याआधी ही दोन अक्षरं मुद्दाम तपासा, नाहीतर सरळ हाताने लिहा.

आणि ज्या जोड्या मुलं हमखास चुकतात, घ-ध, भ-म, ब-व, ष-प, ड-इ, त्या एकमेकींशेजारी ठेवून वेगळा छोटा तक्ता करा. फरकाची जागा, म्हणजे ‘ध’ची उघडी शिरोरेषा किंवा ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ, फक्त तेवढीच लाल करा. पूर्ण अक्षर रंगीत केलं तर नजर कुठे न्यायची ते मुलाला कळत नाही.

शब्दभिंतीबद्दलही दोन-तीन जणांनी विचारलं आहे. आठवड्याला पाच शब्द, मुलांनी सुचवलेले किंवा धड्यात अडलेले, ७ बाय २० सेंटिमीटरच्या पट्ट्यांवर लिहून वर्णानुक्रमे लावा. पक्के झालेले शब्द मुलांच्या हातानेच काढून डब्यात ठेवा. भिंतीवर एका वेळी तीसच्या वर शब्द गेले की शोधण्यात वेळ जातो आणि मुलं शेजाऱ्याला विचारू लागतात.

प्रश्न: गणितासाठी भिंतीवर आणि जमिनीवर काय करता येईल? पाढे लावले आहेतच.

पाढे पाठ करायला भिंतीची गरज कमी. भिंतीचा खरा उपयोग संख्येची जागा दाखवायला होतो.

पहिलीसाठी ० ते २० ची संख्यारेषा करा. २.२ मीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद पट्टी, दोन्ही टोकांना १० सेंटिमीटर मोकळे, दर १० सेंटिमीटरवर खूण. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, आकडा दोन खुणांच्या मधल्या जागेत लिहिला जातो. तो खुणेच्या बरोबर खाली हवा, नाहीतर ‘पाचपासून तीन उड्या’ मारताना मूल घरं मोजतं आणि उत्तर एकाने चुकतं. दोन, प्रत्येक खूण मागच्या खुणेपासून मोजली जाते. दर वेळी २ मिलिमीटर सरकलं तरी २० खुणांत ४ सेंटिमीटरची चूक साठते. सगळ्या खुणा शून्यापासूनच मोजा. पट्टी मुलाच्या छातीच्या उंचीला, ८० ते ९० सेंटिमीटरवर लावा म्हणजे बोटाने उड्या मारता येतील. दुसरीसाठी ० ते १००, पाच-पाच सेंटिमीटरवर, एकूण ५ मीटर. तेवढी भिंत सलग नसेल तर रेषा कोपऱ्यातून वळवू नका. त्याऐवजी जमिनीवर काढा.

शंभराचा चौकोन लावणार असाल तर १ ते १० अशी ओळ घ्या, ० ते ९ नको. याचं कारण आपल्या संख्यानामांत आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. १ ते १० च्या मांडणीत २९ आणि ३० शेजारी येतात आणि नावाचा अर्थ डोळ्यांना दिसतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची सगळी ‘एकोण’वाली नावं एका उभ्या रकान्यात सापडतात, फक्त नव्व्याण्णव तेवढं वेगळं. ० ते ९ च्या मांडणीत २९ ओळीच्या शेवटी आणि ३० खालच्या ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे ही जोडी तुटते. आकड्याखाली बारीक अक्षरात नावही लिहा. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी येतात, त्यामुळे ५२ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. त्याने ऐकलं तसंच लिहिलेलं असतं.

तिसरी-चौथीसाठी दाराखालचा कोनमापक, म्हणजे दार किती अंशांत उघडलं ते दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेघा, हे सर्वांत कामाचं साधन आहे. दार वर्गात उघडत असेल आणि जमीन सपाट असेल तर अर्ध्या दिवसात होतं. दार बंद करून त्याच्या आतल्या कडेलगत जमिनीवर रेघ मारा. ही शून्य अंशाची रेघ. कोनाचा शिरोबिंदू भिंतीचा कोपरा नव्हे, बिजागरीचा दांडा. त्याच्या बरोबर खाली ओळंबा सोडून खूण करा. इथे दोन सेंटिमीटरची चूक झाली तरी दार आणि रेघ जुळत नाहीत. शून्याची रेघही त्याच बिंदूतून जाईल अशी समांतर सरकवून घ्या. आता त्या बिंदूवर दोरीचं एक टोक धरून ९० सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा. त्याच लांबीची दोरी कंसावर शून्यापासून ताणली की दुसरं टोक बरोबर ६० अंशांवर येतं. तो कंस निम्मा केला की ३०. काटकोनासाठी ६०, ८० आणि १०० सेंटिमीटरचा त्रिकोण करा. मधल्या दहा-दहा अंशांसाठी कंसावर १५.७ सेंटिमीटर मोजा, सरळ पट्टीने नव्हे तर कंसावर वाकणाऱ्या टेपने. खडूने काढून आठवडाभर वापरून बघा, दाराची कड प्रत्येक रेघेवर बसते याची खात्री झाली की मगच जमिनीचा रंग लावा. गुळगुळीत रंग ओला झाला की घसरतो, म्हणून रेघा ३ सेंटिमीटरपेक्षा रुंद नकोत.

घड्याळ चालू असलेलं लावा, बारा आकडे पूर्ण असलेलं. नक्षीसाठी चारच आकडे किंवा रोमन आकडे असलेलं घड्याळ शिकणाऱ्याच्या कामाचं नाही. चकतीबाहेर ५, १०, १५ असे मिनिटांचे आकडे कार्डशीटच्या कड्यावर लिहून चिकटवा.

प्रश्न: नकाशा कुठे लावावा?

उत्तरेच्या भिंतीवर. नकाशात वरची बाजू उत्तर असते, त्यामुळे उत्तरेकडे तोंड करून पाहिलं की नकाशातली पूर्व आणि खरी पूर्व एकाच हाताला येतात. तशी भिंत मोकळी नसेल तर शिकवताना नकाशा जमिनीवर पसरा आणि उत्तर खऱ्या उत्तरेकडे करा. देशाच्या नकाशाआधी वर्गाचा नकाशा हवा. वर्ग ६ मीटरचा असेल तर १ मीटरला १० सेंटिमीटर या प्रमाणाने तो ६० सेंटिमीटरच्या कागदावर मावतो. मुलांनी पावलांनी, मग टेपने मोजून काढलेला असेल तर उत्तम.

प्रश्न: आमच्या खोलीत ओल आहे. तक्ते गळून पडतात, कोपरे काळे होतात. चिकटपट्टीने रंगाचे पोपडे निघतात. काय करावं?

ओल झाकू नका. तक्त्यामागे हवा खेळत नाही आणि तिथेच बुरशी वाढते. आधी ओल कुठली ते पाहा: ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी भिंतीवर चिकटवा आणि एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा आहे. पहिल्या प्रकारात गळती बंद होईपर्यंत त्या भिंतीवर काहीच लावायचं नाही. तेलरंग तर नकोच, तो ओल आत कोंडतो आणि फुगून निघतो.

तोवर भिंतीऐवजी दोरी वापरा. दोन खिळ्यांमध्ये सुतळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली तार ताणा, भिंतीपासून ३-४ सेंटिमीटर पुढे, आणि चिमट्यांनी कागद लावा. लांबी ३ मीटरच्या वर गेली तर मध्ये एक खिळा द्या, नाहीतर दोरी झोळते आणि सगळे कागद मधोमध गोळा होतात. दोरी कायम भिंतीलगत असावी. वर्गात आडवी बांधली तर मुलाच्या गळ्याशी येऊ शकते.

बरी भिंत असेल तर एकदाच लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर मऊ बोर्ड बसवा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी रंगच उपटते. टाचण्या बोर्डवर ठीक, पण १३० सेंटिमीटरच्या खाली नकोत. लहान मुलांच्या पट्ट्यात चिमटे किंवा चिकटणारी कापडी पट्टी. प्लास्टिकचं चकचकीत आवरण खिडकीसमोर लावलं तर उजेड परावर्तित होऊन अक्षरंच दिसत नाहीत, म्हणून मॅट आवरण घ्या किंवा तक्ता खिडकीच्याच भिंतीवर न्या. स्केचपेनचे रंग थेट उन्हात लवकर उडतात, मेणखडूचे जास्त टिकतात. थर्मोकोल आणि चमकी टाळा: एक लगेच पेट घेतो, दुसरी डोळ्यांत आणि बोटांवरून तोंडात जाते. दारावर आणि दाराच्या वाटेवर सजावट कधीच नाही.

प्रश्न: मुलांसाठी खालच्या उंचीवर फळा रंगवायचा आहे. साध्या भिंतीवर होईल का?

होईल, भिंत कोरडी असेल तर. ताज्या गिलाव्यावर मात्र किमान महिनाभर थांबा. जमिनीपासून ४० ते १२० सेंटिमीटरचा पट्टा घ्या. एका मुलाला ५० सेंटिमीटर रुंदी लागते, म्हणून ३ मीटरमध्ये सहा मुलं लिहू शकतात.

सुटा रंग खरवडून काढा. जुना तेलरंग असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, मुलं शाळेत नसताना. शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही, म्हणून नवा रंगही डब्यावर शिसेमुक्त लिहिलेलाच घ्या. खड्डे लांबीने (पुट्टीने) भरा, वाळल्यावर आधी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, ओल्या फडक्याने धूळ पुसा. हाताला खरखर लागत असेल तर पुन्हा घासा: खडू उड्या मारतो तो याच खरखरीवर. प्रायमरचा एक हात, एक दिवस वाळू द्या. मग फळ्याच्या रंगाचे दोन किंवा तीन हात, एक आडवा आणि पुढचा उभा, आखूड केसांच्या रोलरने. ब्रशचे ओघळ राहिले तर तिथे खडूची पावडर कायमची बसते. शेवटच्या हातानंतर तीन दिवस हात लावू नका.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. लिहिण्याआधी खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसून टाका. रंगातली बारीक छिद्रं खडूने सारखी भरली की पहिली अक्षरं कोरल्यासारखी उमटून राहत नाहीत. खाली एक लाकडी पट्टी बसवा, खडूची धूळ जमिनीवर बसलेल्या मुलांच्या नाकात जाणार नाही. रोज शेवटी ती ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न: मुलांची चित्रं लावायची तर ४० मुलांची कशी मावणार? सध्या चांगली निवडक पाच-सहाच लावतो.

निवडक लावू नका. वर्षभर ज्याचं काहीच भिंतीवर लागत नाही, त्या मुलाला ही भिंत रोज एकच गोष्ट सांगत राहते. प्रत्येकाला नावाची एक कायमची जागा द्या आणि त्यात काय लावायचं ते त्याला ठरवू द्या.

जागेचा हिशेब असा: ए-४ कागद उभा धरला तर २१ सेंटिमीटर रुंद, मध्ये ४ सोडले तर २५. चाळीस कागदांना १० मीटर दोरी लागते, म्हणजे साडेतीन मीटरच्या तीन दोऱ्या, एकीखाली एक, ४० सेंटिमीटरच्या अंतराने. एवढी भिंत नसेल तर निम्म्या आकाराचा कागद घ्या किंवा वर्गाचे दोन गट करून दर पंधरा दिवसांनी अदलाबदल करा.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांमध्ये, ज्यांच्यामागे लोरिस मालागुझ्झी यांचं काम आहे, तयार वस्तूबरोबर तिच्यामागचा विचारही भिंतीवर लावतात: मुलाचं बोलणं जसंच्या तसं, आधीचा फसलेला प्रयत्न, मग नंतरचा. हे कुठेही करता येतं. झाडाच्या चित्राखाली ‘आमचं झाड’ असं लिहिण्यापेक्षा ‘मुळं जमिनीत असतात म्हणून ती मी काढली नाहीत’ हे मुलाचं वाक्य लिहा. पुढच्या मुलाला त्यातून विचार करायला काही मिळतं, आणि पालकांनाही. शिक्षकाने घरी बसून कापलेली सुबक फुलं, एकसारखे रंगवलेले ठसे यांतून मात्र मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

प्रश्न: भिंतींना कोणता रंग द्यावा? आणि वाचनकोपऱ्याला जागाच नाही.

छत पांढरं, तीन भिंती फिकट, हवा असेल तर एका भिंतीला थोडा गडद रंग, पण ती फळ्याची नको. प्रकाशयोजनेत साधारण असं धरतात, की छताने पडलेल्या उजेडापैकी ७० ते ९० टक्के, भिंतींनी ५० ते ८० टक्के आणि जमिनीने २० ते ४० टक्के परत फेकावा. गडद भिंतींच्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो तो यामुळे. खिडकीच्या काचेवर चित्रं चिकटवून उजेड अडवणं हे सजावटीतलं सर्वांत महाग पडणारं काम आहे.

वाचनकोपऱ्याला दीड बाय दोन मीटर पुरतात: सतरंजी, खिडकीचा उजेड बाजूने, आणि ७०-८० सेंटिमीटरचं बुटकं कपाट, म्हणजे त्यावरून शिक्षकाला पलीकडचं मूल दिसतं. पुस्तकं उभी खोचू नका, मुखपृष्ठ समोर ठेवा. जिला अजून वाचता येत नाही ती मुलगी कण्यावरचं नाव वाचून पुस्तक निवडणार नाही. वीस-पंचवीस पुस्तकं एका वेळी, दर दोन आठवड्यांनी निम्मी बदला. तेवढीही जागा नसेल तर भिंतीवर ६० सेंटिमीटर उंचीला दोन अरुंद फळ्या, पुढे आडवी दोरी, आणि खाली बस्कर.

प्रश्न: वर्गात एक मूल असं आहे की आवाज, रंग, गर्दी वाढली की ते कान झाकून घेतं. त्याच्यासाठी वेगळा वर्ग शक्य नाही.

वेगळा वर्ग नको, एक शांत कोपरा हवा. मीटरभर रुंदीची भिंत पूर्ण कोरी ठेवा, फिकट एकाच रंगाची, आणि त्याची बसायची जागा तिकडे तोंड येईल अशी द्या. दार, पंखा आणि ये-जा करण्याची वाट यांपासून ती दूर असावी. दिवसाचं वेळापत्रक त्याच्या हाताशी चित्रांच्या पट्टीवर लावा, पाच ते सहा चित्रं, झालेलं चित्र काढून पाकिटात टाकायचं. पुढे काय आहे ते दिसलं की बरीच घालमेल कमी होते. सजावट बदलायची असेल तर एका दिवसात सगळी बदलू नका. आदल्या दिवशी त्याला सांगा, एक भिंत बदला, आणि जमलं तर पहिला कागद त्यालाच लावू द्या.